सात पांढऱ्या पुड्या



या टेबलावर सात पुड्या मांडल्या आहेत. पुढच्या रांगेतल्या मंडळींना कदाचित प्रसाद वाटला असेल. प्रसाद नाही. आमच्या विभागाने तुलनेसाठी रीतसर मागवलेले हे चिनी औषधांचे नमुने आहेत, आणि आज यांच्याच आधाराने बोलायचं मी ठरवलंय. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांचा शिरस्ताच तसा होता. औषधी द्रव्यांच्या तासाला ते पुस्तक आणत नसत, खिशातून पुडी काढत. आधी हुंगायचं, मग मोडून बघायचं, मग भिंग लावायचं. नाव सगळ्यात शेवटी. निवृत्त होईपर्यंत मी तसंच शिकवत आले, त्यामुळे हे पुष्प गुंफताना माझ्या हाती फुलांऐवजी पुड्याच आल्या, हे सर समजून घेतील.

विषय पत्रिकेत छापलाच आहे: चेहऱ्यावरचे काळे डाग आणि चिनी वनौषधी. पत्रिका हातात पडल्यावर एका स्नेह्यांनी फोन करून विचारलं, "स्मृतिव्याख्यानात ब्यूटी पार्लर कशाला?" विचारणारे गृहस्थ होते, हे वेगळं सांगायला नको. ज्या बाईच्या गालांवर वांग आलं आहे, तिने असा प्रश्न विचारला नसता. वांगाने जीव जात नाही, दुखत नाही, खाजतही नाही. पण समोरचा माणूस बोलताना डोळ्यांकडे न बघता गालाकडे बघतो, आणि ते दिवसातून दहा वेळा होतं.

डॉक्टर याला मेलाझ्मा म्हणतात. चिनी वैद्यकाच्या अगदी जुन्या ग्रंथांत याला जवळचा शब्द येतो त्याचा अर्थ 'चेहऱ्यावरची धूळ'. लोकांच्या तोंडी दुसरं नाव आहे, 'फुलपाखरू डाग'. दोन गालांवर दोन पंख आणि मधे नाकाचा दांडा. आणखी एक नाव आहे, 'यकृताचा डाग', त्याच्याकडे नंतर येते. नुसती धूळ असती तर पुसता आली असती. हजार-दीड हजार वर्षं ती पुसायचा जो खटाटोप झाला, त्यातलाच एक नमुना म्हणजे या सात पुड्या.

चिनी भाषेत 'बाइ' म्हणजे पांढरं. पुड्यांची नावं ऐका: बाइझी, बाइल्येन, बाइजू, बाइजी, बाइफूलिंग, बाइफूत्झ. पहिली बाइझी आणि चौथी बाइजी आपल्या कानाला सारख्याच, पण झाडं अगदी वेगळी. बाइझी हे गाजर-कोथिंबिरीच्या कुळातलं मूळ आहे, हिचा वास पुडी न उघडताच येतो. बाइजी हा एका ऑर्किडचा कंद, पाण्यात टाकला की भेंडीसारखा बुळबुळीत होतो. फूलिंग ही पाइन वृक्षाच्या मुळांवर जमिनीखाली वाढणारी बुरशी. तिचे हे खडूसारखे चौकोनी तुकडे चीनमध्ये खातातही. सातव्या पुडीबद्दल पाठभेद आहेत. काही याद्यांत तिथे शीशिन नावाची मुळं येतात, तर काहींत 'बाइज्यांगत्सान', म्हणजे चक्क मेलेल्या रेशीमकिड्यांच्या अळ्या. एका बुरशीची लागण झाली की अळी मरते, ताठ होते आणि तिच्यावर पांढरा थर चढतो. (याच रोगावरून आगोस्तिनो बास्सी या इटालियन संशोधकाने 1835 मध्ये दाखवून दिलं की प्राण्याचा रोग सूक्ष्म जीवामुळे होऊ शकतो. पाश्चर तेव्हा शाळकरी मुलगा होता. पण ते पुष्प दुसऱ्या कुणीतरी गुंफावं.) मी अळ्यांचा पाठ घेतला आहे. शाकाहारी मंडळींनी सातवी पुडी उघडू नये.

आता कृती. सातही द्रव्यं वस्त्रगाळ करायची, अंड्याच्या पांढऱ्या बलकात मळायची, करंगळीएवढ्या कांड्या वळून सावलीत वाळवायच्या. रात्री तोंड धुवायचं, चिनी मातीच्या भांड्यात कोमट आंबवलेली पेज घ्यायची, तिच्यात ही कांडी उगाळायची आणि तो लेप चेहऱ्याला लावायचा. उगाळणं ही क्रिया आपल्याकडे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. सहाणेवर वेखंड, हळकुंड, सुंठ उगाळून बाळगुटी देणारी आजी आपण पाहिली आहे, आणि वांगावर दुधात जायफळ उगाळून लावायला सांगणारी मावशी प्रत्येक घरात असते. मला त्या कृतीतली कारागिरी आवडते. बाइजीचा बुळबुळीतपणा आणि अंड्याचा पांढरा बलक मिळून कांडी घट्ट धरून ठेवतात, आणि पेजेतलं सौम्य आम्ल कातडीवरचा मृत थर थोडा सैल करत असणार. आमच्या भाषेत सांगायचं तर हे 'फॉर्म्युलेशन' विचारपूर्वक केलेलं आहे.

असे पाठ एकदोन नव्हेत, शेकडो आहेत. चौथ्या शतकातल्या ग हुंग या वैद्य-तपस्व्याच्या, जवळ बाळगायच्या तातडीच्या औषधांच्या ग्रंथात तोंडावरच्या पुटकुळ्या, टक्कल, अंगाची दुर्गंधी आणि कुरूपता यांच्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. सातव्या शतकातला सुन स-म्याव तर या विषयावर चिडलेलाच दिसतो. चेहऱ्याची मलमं, हाताची मलमं, कपड्यांची सुगंधी द्रव्यं सगळ्या अंमलदारांना आणि खानदानी घरांना हवी असतात, पण वैद्य हे पाठ इतके झाकून ठेवतात की बाप मुलालाही सांगत नाही, अशी त्याची तक्रार आहे. तेराशे वर्षांपूर्वीचं हे ट्रेड सीक्रेट. सुनने मग कृती भराभर लिहून काढल्या. त्यांत 'आंघोळीची डाळ' नावाचा प्रकार आहे, डाळींचं पीठ आणि सुगंधी वनस्पती. दिवाळीच्या पहाटेचं आपलं उटणं त्याचं सख्खं भावंड शोभेल.

752 मध्ये संकलित झालेल्या एका प्रचंड ग्रंथात सम्राज्ञी वू झत्यानच्या नावावर एक पाठ दिलेला आहे. पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी यीमूत्साव नावाची वनस्पती मुळासकट उपटायची, मुळाला माती राहू द्यायची नाही. वाळवून कुटायची, पीठ आणि पाणी घालून अंड्याएवढे गोळे करायचे, ते वाळवून निखाऱ्यांच्या भट्टीत आधी मोठ्या आचेवर आणि मग अहोरात्र मंद आचेवर भाजायचे. उरते ती पांढरी राख, तिने तोंड धुवायचं. एवढ्या आगीतून गेल्यावर वनस्पतीतलं कुठलंही नाजूक रसायन शिल्लक राहणार नाही. उरतात ते क्षार. भांडी घासायला राख वापरणाऱ्या आपल्या आज्यांना याचं नवल वाटलं नसतं.

पण पांढरंच का? आपण चटकन म्हणतो, काळ्यावर पांढरं, भाबडा विचार आहे. तितका भाबडा नाही. चिनी विचारात पाच तत्त्वांची एक चौकट आहे. पांढरा रंग धातूचा, धातू फुफ्फुसाचा, आणि फुफ्फुस कातडीचं आणि लवेचं धनी. त्यामुळे पांढरं द्रव्य फुफ्फुसाच्या वाटेने कातडीशी जातं. काळा रंग पाण्याचा, म्हणजे मूत्रपिंडाचा. चेहऱ्यावर काळं उमटलं तर खोलवर दडलेला मूत्रपिंडाचा रंग वर आला असं समजायचं. चौकट खरी मानण्याचं कारण नाही. पण तिच्यामुळे वैद्य गालाशी थांबत नसे, एवढं लक्षात ठेवा.

आता जरा गालाच्या आत जाऊ. कातडीच्या वरच्या पदराच्या तळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात, मेलॅनोसाइट. साधारण 36 साध्या पेशींमागे एक, असा हिशेब सांगतात. ही पेशी रंगाचे कण बनवते आणि आपल्या फांद्यांतून शेजारणींना वाटते. रंग बनवायचं पहिलं आणि सर्वांत मोलाचं काम टायरोसिनेज नावाचं विकर करतं. त्याच्या गाभ्यात तांब्याचे अणू असतात. हे तुम्ही रोज स्वयंपाकघरात पाहता. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, ते याच्याच नात्यातल्या, तांबं बाळगणाऱ्या एका विकरामुळे. म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो, हवा लागू देत नाही. वांग आणि वांगं यांचं व्युत्पत्तीशी काही नातं आहे असं माझं म्हणणं नाही, पण रसायनशास्त्राने दोघांना एका ओळीत बसवलं आहे खरं.

म्हणजे टायरोसिनेजला ब्रेक लावला की रंग थांबेल. गेली चाळीसेक वर्षं प्रयोगशाळा चिनी वनौषधींकडे याच आशेने बघत आहेत. ज्येष्ठमधात ग्लॅब्रिडिन सापडलं. तुतीच्या सालीत आणि फांद्यांत ऑक्सिरेस्व्हेराट्रॉल सापडलं. किती वनस्पतींचे अर्क 'टायरोसिनेजरोधक' ठरले त्याला गणतीच नाही. आमच्याच क्षेत्रातली एक गंमत सांगते, ती सहसा बाहेर सांगत नाहीत. हे प्रयोग बहुतेक वेळा ज्या विकरावर होतात ते माणसाचं नसतं. ते येतं बटण मशरूममधून, पावभाजीच्या गाडीवर मसाल्यात दिसतात ना, त्याच. स्वस्त पडतं, बाटलीत मिळतं. आणि मशरूमचं टायरोसिनेज व माणसाचं टायरोसिनेज यांत पुष्कळ फरक आहे. 2018 मध्ये एका जर्मन गटाने माणसाचं विकर घेऊन 50,000 संयुगं तपासल्याचं प्रसिद्ध केलं. तेव्हा मशरूमवर मर्दुमकी गाजवणारं कोजिक आम्ल माणसाच्या विकरापुढे अगदीच दुबळं ठरलं. तेव्हा 'अमुक वनस्पती रंग कमी करते हे विज्ञानाने सिद्ध' अशी बातमी वाचलीत, की आधी विचारा, कुणाचा रंग? बाईचा की मशरूमचा?

आणि ही पहिली पुडी, बाइझी. पांढरेपणाच्या पाठांतली ही पट्टराणी. जुना औषधी कोश सांगतो की हिच्याने कांती उजळते, चेहऱ्याचं मलम करावं. आता हिच्या पोटात काय आहे बघा. इम्पेराटोरिन आणि त्याच्या भावकीतली फ्युरोकुमॅरिन. या गटातल्या कित्येक रसायनांचा स्वभाव असा, की कातडीला लागून वर ऊन पडलं तर कातडी भाजते आणि नंतर काळी पडते. बावचीतलं सोरॅलेन याच घराण्यातलं, आणि कोडाच्या पांढऱ्या डागांवर रंग आणायला ते उन्हासोबत वापरतात. चीनमध्ये खुद्द बाइझीदेखील कोडावर वापरून पाहिली गेली आहे. म्हणजे जी वनस्पती काळं घालवायला, तीच काळं आणायलाही. मग जुन्या बायकांचं नुकसान का झालं नाही? कृती परत आठवा. लेप रात्री लावायचा आहे. शिवाय लावणारी कोण? खानदानी घरातली, दिवसा माजघरात राहणारी. तांग काळाच्या सुरुवातीला घोड्यावरून बाहेर पडलीच तर डोक्यापासून खाली झिरझिरीत पडदा सोडलेली. माझा संशय असा आहे की त्या काळात डाग फिके झाले असतील तर बरंचसं श्रेय कांडीचं नसून पडद्याचं असावं. आज तोच लेप लावून एखादी मुलगी सकाळी स्कूटरवरून कॉलेजला निघाली तर?

इथवर फक्त लेपांबद्दल बोलले. पण चिनी वैद्याला विचारलंत तर तो म्हणेल, लेप तर न्हाव्यालाही येतो. औषध म्हणजे काढा.

तो आधी नाडी बघेल, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं. मग जीभ: रंग, थर, कडेला दातांचे ठसे आहेत का. मग विचारेल, झोप लागते का, पाळी कधी येते, स्रावात गुठळ्या असतात का, पाळीआधी छाती भरून येते का, उसासे टाकता का, राग येतो का. गालाकडे सगळ्यात शेवटी बघेल. उत्तरांवरून तो चार-पाच साच्यांपैकी एक ठरवतो. यकृताचा प्रवाह तुंबलाय, प्लीहा अशक्त आहे, मूत्रपिंड क्षीण आहे, रक्त साकळलंय. यकृत, प्लीहा हे शब्द शवविच्छेदनाच्या टेबलावरचे समजू नका, कामांच्या गटांना दिलेली ती नावं आहेत. 'यकृताचा डाग' म्हणजे कावीळ नव्हे, मनात कोंडलेल्या रागाचा डाग.

1742 मध्ये छिंग दरबाराने छापलेल्या वैद्यककोशात या डागाचं कारण चिंता, खिन्नता आणि कोंडमारा असं दिलं आहे, आणि बायकांना जास्त होतो हेही. आपल्या सुश्रुताने क्षुद्ररोगांत 'व्यंग' सांगितला, त्याचं कारण दिलं क्रोध आणि श्रम. दोन संस्कृती, मधे हिमालय, आणि दोघांनाही बाईच्या गालावरचा डाग बघून तिच्या मनाची आठवण झाली. यात शहाणपण किती आणि 'बाई म्हणजे त्रागा' हा पुरुषी समज किती, याचा निवाडा मला करता आलेला नाही. तो डाग गरोदरपणात आणि पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांनी उमटतो, यामागे हार्मोन आहेत, हे आज आपण जाणतो.

या कोंडमाऱ्यावर त्यांचं जे औषध आहे, त्याचं नाव मला फार प्रिय आहे: श्याव-याव सान. अर्थ साधारण 'निवांत भटकंतीचं चूर्ण'. ज्वांग-त्झ या तत्त्वज्ञाच्या ग्रंथातल्या पहिल्या प्रकरणाच्या नावात हेच शब्द आहेत. सुंग राजवटीच्या सरकारी औषधसंग्रहात हा पाठ आहे: छायहू, दांगग्वेइ, पांढरं पिओनी, बाइजू, फूलिंग, ज्येष्ठमध, वर चार पानं पुदिना आणि आल्याची चकती. घरात कोंडलेल्या बाईला वैद्य भटकंती देऊ शकत नव्हता, चूर्ण देऊ शकत होता.

रक्त साकळलं असेल तर दुसरा पाठ, चार द्रव्यांच्या काढ्यात पीचच्या बियांचा गर आणि 'हुंगह्वा'. हुंगह्वा म्हणजे लाल फूल. ते आणायला मला चीनला जावं लागलं नाही, आमच्या सोलापूरच्या शेतातून आलं. ही करडई आहे. आपण तेलासाठी पेरतो, कोवळ्या पानांची भाजी करतो, आणि पाकळ्या रानात वाळून जातात. त्याच पाकळ्या चिनी वैद्य रक्त 'हलतं' करायला तोळ्या-तोळ्याने मोजतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईवर केलेल्या कामात पाकळ्यांच्या चहाचाही विचार झाला आहे. बिनकाट्याच्या वाणाशिवाय त्या पाकळ्या खुडणं म्हणजे काय शिक्षा असते, हे मराठवाड्यातल्या श्रोत्यांना विचारा.

आता खरी मेख. 'साकळल्याशिवाय डाग नाही' हे चिनी वैद्यांचं जवळजवळ पालुपद आहे. आणि 2007 च्या सुमाराला कोरियातल्या संशोधकांनी वांगाच्या कातडीचे नमुने तपासले तेव्हा डागाखाली रक्तवाहिन्या खरोखरच जास्त आणि रुंद दिसल्या. वांग नुसतं रंगाचं दुखणं नाही, रक्तवाहिन्यांचंही आहे, हे आधुनिक त्वचावैद्यक आता मान्य करतं. चिनी वैद्य खूश होणारच. पण थांबा. आज जिद्दी वांगावर जगभर, चीनमध्येसुद्धा, जी गोळी डॉक्टर देतात ती ट्रॅनेक्सॅमिक आम्लाची. 1962 च्या सुमारास जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने शोधलेली. कशासाठी? बाळंतपणातला अतिरक्तस्राव थांबवण्यासाठी! 1979 मध्ये जपानमध्येच एका डॉक्टरला अंगावरच्या पित्तासाठी ही गोळी देताना रुग्णाचं वांगही फिकं झालेलं दिसलं. म्हणजे परंपरा म्हणते रक्त वाहतं करा, आणि जी गोळी गुण देते ती रक्ताची गुठळी टिकवून धरणारी. डागाचा रक्ताशी संबंध आहे हे जुन्या वैद्यांनी बरोबर हेरलं, दिशा मात्र उलटी निघाली असं म्हणायचं? तेही घाईचं होईल. ही गोळी कातडीत प्लाझ्मिनला अडवते, त्यातून रंगपेशीला चिथावणारे निरोप कमी होतात, आणि तो मार्ग गुठळीच्या हिशेबापेक्षा वेगळा आहे. गुठळ्यांचा धोका असणाऱ्यांनी ती डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नसते, हे जाता जाता.

मग काढ्याने गुण येतो का? चीनमध्ये चाचण्या पुष्कळ झाल्या आहेत. बहुतेक लहान आहेत. कुणाला कोणतं औषध दिलं हे रुग्णालाही ठाऊक आणि वैद्यालाही. कडू काढ्याची हुबेहूब नक्कल करणं सोपं नसतं, हे खरंच. शिवाय परंपरेचा प्राणच असा की प्रत्येकीचा पाठ वेगळा, आणि पाठ बदलला की बेरीज करायची कशाची? मोजण्यासाठी 0 ते 48 गुणांची एक पट्टी आहे, ती डोळ्यांनीच लावतात. पण सगळ्यात मोठा घोटाळा ऋतूंचा. वांग उन्हाळ्यात गडद होतं, हिवाळ्यात आपोआप उतरतं. मे महिन्यात चाचणी सुरू करून डिसेंबरात संपवा, नळाचं पाणीसुद्धा गुणकारी ठरेल.

लोक इथे थू योयो या चिनी संशोधिकेचं नाव घेतात. ग हुंगच्या त्याच ग्रंथातल्या एका ओळीवरून तिला मलेरियावरचं आर्टेमिसिनिन काढण्याची वाट सापडली आणि 2015 चं नोबेल मिळालं. मग चेहऱ्याचं प्रकरणही खरं असणार, असा युक्तिवाद. मलेरियाचा परजीवी रक्तात दिसतो, मोजता येतो, मेला की मेला. वांग तसं प्रामाणिक नाही. माझंच सांगते. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात माझ्या दोन्ही गालांवर फुलपाखरू उमटलं. मावशी सहाण आणि जायफळ घेऊन हजर. बाळ वर्षाचं होईतो मी ते रोज लावलं आणि डाग गेले. गरोदरपणातलं वांग पुष्कळदा बाळंतपणानंतर वर्षभरात स्वतःहून जातं, हे मी विद्यार्थ्यांना वर्गात शिकवत होतेच. पण मावशीला ते सांगायची माझी छाती झाली नाही, आणि आमच्या गावात पुढे तीस वर्षं जायफळाला माझा दाखला मिळत राहिला.

आता धोक्यांकडे येते. सरांचा तास मला सगळ्यात जास्त आठवतो तो नमुन्यांच्या सरमिसळीवरून. 1993 मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की वजन कमी करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या तरुण बायकांची मूत्रपिंडं झपाट्याने निकामी होत आहेत. गोळीत 'फांगजी' असायला हवी होती. आली होती 'ग्वांगफांगजी'. नाव एका अक्षराने लांब, चकत्या सारख्या, पण दुसरीच्या पोटात अरिस्टोलोकिक आम्ल. शंभराच्या आसपास बायकांना त्याची बाधा झाली, पुढे कित्येकींना कर्करोगही. सरांनी त्या आठवड्यात सगळा अभ्यासक्रम बाजूला ठेवला आणि तीन दिवस आमच्याकडून फक्त चकत्यांचे आडवे छेद घेऊन घेतले. सात पांढऱ्यांच्या यादीतली शीशिनदेखील त्याच कुळातली. तिच्या पानाखोडात ते आम्ल जास्त, म्हणून चीनच्या औषधसंहितेने आता फक्त मूळ वापरायची परवानगी ठेवली आहे. मी शीशिनऐवजी अळ्या का आणल्या, ते आता कळलं असेल.

जुन्या पाठांत शिसं आणि पारा आहेत, हेही झाकून ठेवायला नको. पारा टायरोसिनेजमधल्या तांब्याची जागा बळकावतो, डाग खरंच फिका पडतो, आणि पारा तिथून मूत्रपिंडाकडे जातो. ही गोष्ट तांग काळाची नाही. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली, आणि मुंबईत त्यांच्या गोरेपणाच्या क्रीमची तपासणी झाली तेव्हा त्यात पारा निघाला. पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराने अशा क्रीमवर बंदी आणलेली आहे, भारतानेही 2018 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. तरी 'शुद्ध वनौषधी' असा शिक्का मारलेल्या डब्यांत कधी पारा सापडतो, कधी तिखट स्टिरॉइड. पंधरा दिवसांत गाल तुकतुकीत दिसला तर घाबरायला हवं.

आणि शुद्ध वनस्पतीच निघाली तरी? जपानमध्ये एका बड्या कंपनीने बर्चच्या सालीतही आढळणारं रोडोडेंड्रॉल घेऊन उजळवणारी प्रसाधनं काढली. टायरोसिनेजला ते छान अडवायचं. 2013 मध्ये माल परत बोलवावा लागला, कारण हजारो बायकांच्या तोंडावर आणि हातांवर कोडासारखे पांढरे चट्टे उठले होते. विकर त्या रसायनाला अडकण्याऐवजी पचवत होतं, आणि पचनातून जे निघत होतं ते रंगपेशीलाच मारत होतं. ब्रेक दाबता दाबता गाडीच जळाली.

चिनी परंपरेतून बाजाराने काय उचललं बघा. पांढरी पूड उचलली, ज्येष्ठमधाचा अर्क उचलला, बाटलीवर राणीचं चित्र छापलं. झोप लागते का, पाळी कधी येते, कोणत्या गोळ्या चालू आहेत, दुपारी उन्हात कोण पाठवतं, हे प्रश्न तिथेच ठेवून आला. मला विचाराल तर काढ्यापेक्षा ती विचारपूस मोलाची होती. वांग घेऊन आलेल्या बाईला पाच मिनिटांत ट्यूब लिहून देणाऱ्या आमच्याकडच्या दवाखान्यांत तिला जागा झाली तर हवीच आहे. बाकी उन्हाची टोपी, छत्री, लोहाच्या ऑक्साइडची भुकटी घातलेलं सनस्क्रीन, कारण डोळ्यांना दिसणारा उजेडही वांग गडद करतो, आणि त्वचेच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालची औषधं. यात ऐकायला मजा नाही, मान्य आहे.

वेळ संपत आली, चिठ्ठी आली आहे. कार्यक्रम झाल्यावर सगळ्यांनी टेबलापाशी यावं. भिंग ठेवलं आहे. हुंगा, मोडून बघा, नाव शेवटी विचारा. फक्त सहावी पुडी, बाइफूत्झ, कुणी जिभेला लावू नका. तो अळू-सुरणाच्या कुळातला कच्चा कंद आहे, आल्यात आणि तुरटीत शिजवलेला नाही. सरांनी तो आम्हाला मुद्दाम चाखायला लावला होता, आणि चिंचेचं पाणी आधीच भरून शेजारी ठेवलं होतं. मी ते आणायला विसरले आहे.